लाल म्हणजे चालू

आमच्या घरात कपडे वाळत घालायच्या दोरीलासुद्धा दोन्ही टोकांना नंबर होते. पिवळ्या प्लास्टिकच्या बारीक कड्या आणि त्यांवर काळा आकडा. दाराकडच्या टोकाला चार, खिडकीकडच्या टोकालाही चार. दोरी एकच, दोन हात लांब, तिचं दुसरं टोक हरवायची काही सोय नव्हती. पण पप्पांचा नियम असा की ज्याला दोन टोकं आहेत त्याला नंबर पाहिजे. ते अंबरनाथच्या एमआयडीसीत पॅनल वायरमन होते. कारखान्यातल्या मोटारी चालू-बंद करणारी जी मोठाली लोखंडी कपाटं असतात, त्यांच्या पोटातली वायरिंग करणं हे त्यांचं काम. शेकडो वायरी, आणि प्रत्येकीच्या दोन्ही टोकांना तोच आकडा. त्या कड्यांना फेरूल म्हणतात हे मला मुळाक्षरांच्या आधी ठाऊक होतं. टीव्हीची वायर, इस्त्रीची वायर, माझ्या दप्तराचे पट्टे, सगळ्यांना फेरूल. आई म्हणायची, "बरं झालं, पोरगी एकच झाली. दोन असत्या तर त्यांनापण नंबर घातले असते ह्या माणसानं."

घरात सगळं बोलणं वरच्या पट्टीत चालायचं. वायरमन होण्याआधी पप्पा बारा वर्षं प्रेस शॉपमध्ये होते. दिवसभर पत्र्यावर घाव घालणाऱ्या मशीनच्या ओळीत उभं राहून त्यांचे कान तिथेच राहिले, आणि डाव्या हाताच्या दोन बोटांची शेवटची पेरंही. कान अगदी गेले नव्हते. ढोल, फटाके आणि आईची हाक एवढं पोचायचं. बाकीचं ते समोरच्याच्या तोंडाकडे बघून भागवायचे. शिवमंदिराच्या रस्त्याला आमची दोन खोल्यांची चाळ होती. तिथे नव्यानं राहायला येणाऱ्याला पहिला आठवडाभर वाटायचं की ह्या घरात रोज भांडणं होतात. खरं तर आई मीठ कमी आहे का एवढंच विचारत असायची. बोटांबद्दल मी कधी काही विचारलं नाही. जन्मल्यापासून जे बघत आलो त्याबद्दल कोण विचारतं?

एमआयडीसीची सुट्टी शुक्रवारी. सगळं जग रविवारी घरी आणि पप्पा शुक्रवारी, त्यामुळे लग्नं, बारशी, विहारातले कार्यक्रम, सगळीकडे मी आणि आई दोघीच जायचो आणि "ह्यांची ड्यूटी आहे" हे वाक्य आईला वंदनेइतकं पाठ झालं होतं. शुक्रवारी मात्र घर त्यांचं. आई तव्यावर सुके बोंबील भाजायची, लसूण ठेचायची, गरम भाकरी थापायची, आणि पप्पा गोणपाट अंथरून कुणाचातरी मिक्सर उघडून बसलेले असायचे. त्यांच्या कामातली एक गोष्ट मला लहानपणापासून चमत्कारिक वाटायची. पॅनल तयार झालं, तपासून झालं, की ते लाकडी खोक्यात ठोकून बंद करायचे आणि ट्रक यायचा. मी विचारायचे, "कुठं गेलं?" ते सांगायचे, "साखर कारखान्यात. कोल्हापूरकडं." "मग तिथं चालतं कसं, तुम्ही बघितलं?" "मी कशाला बघू? आपलं काम खोक्यापर्यंत." हे ते अगदी सहज म्हणायचे, भाकरीचा तुकडा मोडता मोडता. मला मात्र वाईट वाटायचं. आई स्वयंपाक करते आणि निदान आम्हाला जेवताना बघते तरी.

गिटार आमच्याकडे पुरामुळे आली. माझा मामा तेव्हा बदलापूरला मांजर्लीत तळमजल्यावर राहायचा. लग्नाआधी तो ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवायचा; लग्नानंतर गिटार माळ्यावर गेली, हंड्या-कळश्यांच्या शेजारी. त्या मोठ्या पुरात नदी घरात शिरली आणि फ्रीज, टीव्ही, गाद्या, गिटारचा जुना अॅम्प्लिफायर, सगळं चिखलात गेलं. पाणी माळ्याच्या वीतभर खाली थांबलं. मामानं पुढे बेलवलीत वरच्या मजल्यावर खोली घेतली, आणि सामान हलवताना गिटार माझ्या हातात दिली. "हिनं पाणी बघितलंय," तो म्हणाला. "आता ही कशालाच भिणार नाही. तू पण भिऊ नको." मी अकरावीत होते. दर रविवारी बेलवलीला जाऊन मी बोटांना घट्टे पाडून घेऊ लागले. वीज न जोडता इलेक्ट्रिक गिटार वाजवणं म्हणजे तोंडावर हात ठेवून गाण्यासारखं असतं. सहा महिने मी तसंच वाजवलं.

मग मामा मला उल्हासनगरला घेऊन गेला. एका गल्लीत जुन्या रेडिओ-टेपरेकॉर्डरांनी छतापर्यंत भरलेलं दुकान होतं आणि त्या ढिगाच्या मधोमध एक सिंधी काका चहाची बशी हातात धरून बसले होते. त्यांनी ढिगातून लोखंडी पेटीएवढा एक अॅम्प्लिफायर ओढून काढला, फडक्यानं पुसला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "बेटी, इसमें दो आवाज हैं. एक शरीफ, एक बदमाश." मी शरीफवर एक तार छेडली, स्वच्छ, गोल, पाण्यात खडा टाकल्यासारखा आवाज आला. मग त्यांनी पुढचं बटण दाबलं. "अब बजा." मी तीच तार छेडली, आणि दुकानातल्या काचा थरथरल्या. तो आवाज फाटलेला होता, लांबच लांब जाणारा होता, आणि माझ्या छातीत कुठेतरी तो आधीपासून होता असं मला वाटलं. माझ्यासारख्या पोरीच्या एका बोटातून एवढं काही बाहेर पडू शकतं ह्याची मला भीतीच वाटली, आणि तो पुन्हा ऐकल्याशिवाय राहवेना. काका हसले. "पाँव से बदलने का स्विच आता है इसका, वो गुम है. दो पैसे की चीज है साईं, कोई भी बना देगा."

ती दोन पैशांची चीज माझ्या पुढे वाढून ठेवलेली होती, हे मला तेव्हा कळलं नाही.

आमच्या विहाराची गायन पार्टी होती. दामू शाहीर तिचे प्रमुख. स्वतः गाणी लिहायचे, स्वतः चाली लावायचे आणि चूक झाली की सभेसमोरच दुरुस्त करायचे. हार्मोनियम, ढोलकी, कीबोर्ड, आणि मागे कोरसला सहा बायका. वाद्यावर आजवर एकही बाई बसली नव्हती. शाहिरांनी मला सरावाला येऊ दिलं ते मामाच्या शब्दाखातर. त्यांचं एक गाणं होतं, पैंजण मोडून मुलाला शाळेत घालणाऱ्या आईचं. सुरुवात अगदी कुजबुजल्यासारखी, नुसता आवाज आणि एखादी तार. आणि तिसऱ्या कडव्यात मुलगा शिकून परत येतो तिथे ढोलकी, कोरस, सगळं एकदम उसळतं. शाहिरांना तिथे बदमाश हवा होता. पहिल्यांदा ऐकला तेव्हा ते नुसती दाढी खाजवत राहिले. पण अडचण अशी की आवाज बदलायला मला वाकून अॅम्प्लिफायरचं बटण दाबावं लागे, तेवढ्यात दोन ओळी निघून जात, आणि मी सरळ उभी राहीपर्यंत मुलगा शिकून, नोकरीला लागून गेलेला असे. शेवटी शाहीर म्हणाले, "सुजाता, तू वाकतीस तेव्हा गाणंपण वाकतं. विहारातल्या नव्या अभ्यासिकेच्या उद्घाटनाला पायानं बटण दाबता आलं, तर वाजव. नायतर कोरसला टाळ्या धर." उद्घाटनाला तीन आठवडे होते. कोरसला टाळ्या धरणं वाईट असतं असं नाही. माझी आई त्यात होती. पण मला त्या ढोलकीच्या शेजारी उभं राहायचं होतं, एवढं मला आयुष्यात काहीच हवं नव्हतं.

मी घंटीची वायर आणली, घंटीचं बटण आणलं, आणि अॅम्प्लिफायरच्या मागच्या भोकातून वायर काढून पायापर्यंत आणली. आवाज बदलला. पण सोबत भुंग्यांचं मोहोळ उठल्यासारखी घरघर सुरू झाली, आणि घरघरीच्या मागून एक बाई गोड आवाजात कुकरची जाहिरात करू लागली. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "गिटार सोडून रेडिओ कशाला लावलास गं?" शुक्रवार होता. पप्पा गोणपाटावरून उठले. त्यांना ना घरघर ऐकू येत होती ना कुकरची बाई, पण त्यांनी अॅम्प्लिफायरवर तळवा ठेवला, डॉक्टर ठेवतात तसा, आणि म्हणाले, "आतून कापतंय." मग माझ्या वायरीचं टोक उचलून बघितलं. "नंबर कुठाय?"

मला रडू फुटायच्या बेतात होतं, म्हणून मी सगळं सांगितलं: शाहीर, तिसरं कडवं, टाळ्या. ते माझ्या ओठांकडे बघत राहिले. बदमाश म्हणजे काय हे त्यांना कळलं की नाही कोण जाणे. पण वायर त्यांना कळली. "आवाजाची वायर अशी घरभर फिरवायची नसती," ते म्हणाले. "जेवढी लांब, तेवढा वाटंतला कचरा उचलती. आवाज मशीनपाशीच ठेवायचा. पायाकडनं फक्त हुकूम आला पायजे."

आणि त्यांनी आपल्या डब्यातून एक रिले काढली. काडेपेटीपेक्षा जरा मोठी, पारदर्शक टोपणाची, आठ पायांची. आत तांब्याच्या तारेचं रीळ आणि त्यापुढे पितळेच्या दोन बारीक जिभा. त्यांनी ती फळीवर बसवली, छोट्या अडॅप्टरची वीज रिळाला दिली. टक्. जिभा खाली आल्या. वीज काढली. टक्. वर गेल्या. त्यांनी माझी घंटीची वायर ह्या जिभांना नाही, रिळाला जोडली; आणि जिभांपासून अॅम्प्लिफायरपर्यंत वीतभर वायर, तीही जाळीचं वेष्टण असलेली. मी बटण दाबलं. टक्, आणि बदमाश आला. घरघर नाही, कुकरची बाई नाही, फक्त तो. मी पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं. माझ्या पायाची वीज वेगळी, आवाजाची वीज वेगळी. दोघींची कुठेच गाठ पडत नाही, मध्ये केसाएवढी हवा आहे, आणि तरी एक हलली की दुसरी ऐकते. आईनं दारातून नुसत्या भुवया उंचावल्या की पप्पा टीव्हीचा आवाज कमी करतात, तसंच काहीसं. मी आज वीस वर्षं पॅनलच्याच धंद्यात आहे, हजारो रिले हाताखालून गेल्या, पण पारदर्शक टोपणाची रिले दिसली की मी अजून एकदा तरी टक् करून बघतेच. हाताखालची मुलं हसतात. हसू देत.

मला वाटलं काम झालं. पप्पांना वाटलं आता सुरू झालं. "हे काय असंच नेणार? उघडं?" त्यांनी पत्र्याची पेटी बनवून आणली, पॅनलचाच राखाडी रंग, दाराला रबर, आत तसलीच दुसरी रिले. प्रेस शॉपच्या भंगारातून एका मशीनची पायाची बिडाची कळ आणली, तिच्यात एकदा दाबलं की अडकणारा आणि पुन्हा दाबलं की सुटणारा स्विच बसवला. ती कळ एवढी जड की तिला उचलून नेताना मी वाटेत दोनदा बसले. प्रत्येक वायरीला फेरूल. आई म्हणाली, "चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला." पप्पांनी ते ऐकलं नाही, किंवा ऐकून न ऐकल्यासारखं केलं, ह्या बाबतीत त्यांचे कान फार सोयीचे होते. शेवटच्या आठवड्यात ते म्हणाले, "दिवे लावायचे राहिले. दिव्याशिवाय आमच्यात पॅनल बाहेर जात न्हाई." दिवे शनिवारी संध्याकाळी लागले. मी तेव्हा शाहिरांकडे शेवटच्या सरावाला होते, फळीवरच्या जुन्या बटणावर; येऊन बघते तर पेटी वर्तमानपत्रात गुंडाळून, सुतळीनं बांधून दाराशी तयार. पप्पांनी खोक्यात बंद करायची सवय सोडली नव्हती. आणि त्यांनी रविवारची रजा टाकली होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

सकाळी विहाराच्या अंगणात मांडव होता. अभ्यासिकेची खोली रंगवून तयार होती, टेबलं-खुर्च्या आल्या होत्या, खिरीचं पातेलं मागे चुलीवर चढलं होतं आणि वेलचीचा वास सगळीकडे. पेटी मी अॅम्प्लिफायरवर ठेवली. तिच्या तोंडावर बाटलीच्या बुचाएवढे दोन दिवे, एक लाल, एक हिरवा. साखर कारखान्याच्या पॅनलला लावतात तेच. पप्पांनी सगळं जोडलं, कळ दोनदा दाबून बघितली, दोन्ही दिवे आळीपाळीनं लागले, त्यांनी मान डोलावली आणि ते मांडवाच्या पार मागे, चपलांच्या ढिगाशी जाऊन उभे राहिले. मी त्यांना काही विचारलं नाही. त्यांनी मला काही सांगितलं नाही. दोघांनाही वाटलं, ह्यात सांगण्यासारखं काय आहे?

वंदना झाली, फीत कापून झाली, भाषणं झाली. शाहीर उठले. मी पेटीकडे बघितलं. लाल दिवा होता. रेल्वेच्या फाटकापासून शाळेच्या पुस्तकापर्यंत सगळ्यांनी मला एकच शिकवलं होतं, लाल म्हणजे थांब. म्हणजे बदमाश थांबलेला आहे. शाहिरांनी डोळे मिटून, जवळजवळ श्वासातच पहिली ओळ म्हटली, आणि मी हलकेच तार छेडली.

बदमाश मांडवभर फुटला. पहिल्या रांगेतलं एक तान्हं दचकून किंचाळलं. कुणाच्या तरी हातातला तांब्या पडला. मी कळ दाबली. हिरवा लागला. हिरवा म्हणजे चालू, निदान माझ्या लेखी. मी लगेच पुन्हा दाबली, लाल आला, हायसं वाटलं, शाहिरांनी मोठ्या मनानं ओळ परत घेतली, मी तार छेडली, आणि बदमाश पुन्हा. आता कुणी म्हणेल, अगं बाई, कानांनी ऐकावं की दिव्यांनी बघावं? पण तो दिवा पप्पांनी लावलेला होता. त्यांच्या हाताची वायर चुकेल हे माझ्या मनाला शिवलंच नाही. मला वाटलं माझे कान चुकतायत, हात चुकतायत, मी ह्या जागेवर उभी राहिले हेच चुकलंय. ढोलकीवाला माझ्याकडे बघत होता. शाहिरांनी हात वर केला, गाणं थांबलं, आणि ते माइकवर म्हणाले, "मंडळी, माफी असावी. गिटारची तब्येत बरी न्हाई. तिला जरा आराम देऊ." लोक हसले. मग माइक बाजूला धरून मला म्हणाले, "ठेव ती खाली. आईशेजारी जा." आईनं सरकून माझ्यासाठी जागा केली. ती जागा बघून मला वाटलं, जमीन फाटावी.

तेवढ्यात मागून हाक आली. "शाहीर, थांबा!" आपला आवाज किती मोठा आहे ते पप्पांना कधीच कळायचं नाही, माइकशिवाय तो मांडवाच्या दुसऱ्या टोकाला गेला. ते चपलांच्या ढिगातून निघाले आणि मधल्या वाटेनं, सगळ्यांच्या माना वळलेल्या असताना, सरळ चालत पुढे आले. चाळीच्या मीटिंगमध्येसुद्धा आजवर ज्यांनी तोंड उघडलं नव्हतं ते माझे पप्पा. "पोरीची चूक न्हाई," ते म्हणाले. "माझी हाय. दिवे आमच्या रीतीनं लागलेत."

शाहीर म्हणाले, "म्हंजे कसं?"

"आमच्या पॅनलला लाल म्हंजे चालू. हिरवा म्हंजे बंद. ती लाल येईस्तोवर दाबत हुती, मला तिथनं दिसलं. मी सांगाया पायजे हुतं तिला. न्हाई सांगितलं." मग माझ्याकडे वळून, तेवढ्याच मोठ्यानं: "सुजे, लाल म्हंजे चालू. ध्यानात ठेव."

कुणी हसलं नाही. शाहिरांनी त्यांच्याकडे बघितलं, पेटीकडे बघितलं, एकेका वायरीवरच्या पिवळ्या कड्या बघितल्या. "वायरमन," ते म्हणाले, "एवढी सभा बसवल्यावर सांगतोस होय रे?" आता मात्र सगळे हसले, पण ते हसणं वेगळं होतं. "उचल सुजाता. पहिल्यापासून घेऊ."

मी कळ दाबली. हिरवा. शाहिरांनी ओळ म्हटली, आणि शरीफ आला, पाण्यात खडा पडावा तसा. दोन कडवी कशी गेली मला आठवत नाहीत. आठवतं ते एवढंच की पप्पा मागे गेले नाहीत. ते अॅम्प्लिफायरच्या शेजारी उभे राहिले, पेटीवर तळवा टेकवून. तिसरं कडवं आलं. ढोलकी वळली, बायकांनी श्वास घेतला, मी न वाकता, समोर बघत, पाय टेकवला. टक्. लाल. आणि तो आवाज माझ्या हातून निघून मांडवाच्या कापडाखाली पसरला, कोरस त्यावर चढला, आणि पैंजण मोडणाऱ्या आईचा मुलगा शिकून घरी आला. पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या उभ्या राहिल्या. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना. मी ते बघत वाजवत राहिले, आणि मला खरंच वाटलं की हे मी करत नाहीये, मी फक्त पाय ठेवलाय.

कार्यक्रम संपल्यावर द्रोणात खीर आली. शाहीर येऊन म्हणाले, "वायरमन, तेवढे दिवे उलटे करून टाक बाबा, जगासारखे," आणि माझ्या डोक्यावर टपली मारून गेले. पुढच्या कार्यक्रमाची तारीख त्यांनी आईला नाही, मला सांगितली. पप्पांनी खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला. लग्नालाही तो त्यांच्या खिशात असायचा. चार स्क्रू काढून त्यांनी दार उघडलं आणि बोट ठेवलं. "ही सात, ही आठ. अदलाबदल केली की झालं. अर्ध्या मिनिटाचं काम. करू?"

मी विचारलं, "पण तुमच्यात असं उलटं का?"

ते खीर खायचे थांबले. "उलटं न्हाई. दिवा चालवणाऱ्यासाठी नसतो. चालवणाऱ्याला कळतंच की, त्याला ऐकू येतं. दिवा असतो उद्या जो दार उघडून आत हात घालील त्याच्यासाठी. लाल दिसला की त्यानं हात मागं घ्यायचा." मग डावा हात त्यांनी माझ्यासमोर धरला. "ही बोटं गेली त्या मशीनला दिवा नव्हता. शेजारचा म्हणाला, बंद हाय, घाल हात. त्याला खरंच वाटलं हुतं बंद हाय. त्याचा काय दोष?" एवढंच. सतरा वर्षं मी जे विचारलं नव्हतं ते त्यांनी चार वाक्यांत सांगितलं आणि द्रोण पुन्हा उचलला.

मी म्हटलं, "राहू दे तसंच." त्यांनी सात आणि आठ तशाच ठेवून दार लावलं. आता नव्या पॅनलांना चालू म्हणजे हिरवा लावतात, ड्रॉइंगमध्येच तसं असतं, आणि मी तपासून सही करते. नियम बदलतात, त्यात वाद घालण्यात अर्थ नाही. पण सही करण्याआधी मी प्रत्येक दिव्यासमोर थोडी थांबते, आणि तो कुणासाठी आहे ते हाताखालच्या मुलांना विचारते. चाळिशी दाराशी आली तरी ही खोड जात नाही.

मांडव रिकामा होत होता. मला एक विचारायचं राहिलं होतं. मी त्यांच्यासमोर उभी राहिले, म्हणजे माझे ओठ त्यांना दिसतील, आणि म्हटलं, "पप्पा, कशी वाटली गिटार?"

"ढोलकी आली कानात," ते म्हणाले. "चांगली हुती."

"आणि गिटार?"

त्यांनी जरा वेळ पेटीकडे बघितलं. "लाल दिवा लागला की," ते म्हणाले, जणू मीच काहीतरी वेड्यासारखं विचारत होते. "टक् झालं ते हाताला लागलं. मग मी माणसं बघितली. म्हाताऱ्या उठल्या बघ." आणि मग, खोक्यापर्यंतच्या सगळ्या वर्षांनंतर, हळू आवाजात, म्हणजे इतरांच्या नेहमीच्या आवाजात: "आपलं पॅनल चालताना पहिल्यांदाच बघितलं मी." द्रोण खाली ठेवून त्यांनी पुन्हा पेटीवर तळवा टेकवला. "दाब बघू अजून एकदा."

गिटार पिशवीत गेली होती, अॅम्प्लिफायर बंद होता. फक्त पेटीचा अडॅप्टर तेवढा अजून बोर्डात होता. मी कळेवर पाय ठेवला. टक्. अंगणात कसलाच आवाज झाला नाही. लाल दिवा लागला, आणि त्याच्याकडे बघत पप्पांनी मान हलवली.

"वाजतंय," ते म्हणाले.

मी दिवा बराच वेळ तसाच लाल ठेवला.